नानाजींचा कंगवा

कंगव्यापायी पहिला दात पडला तो राजपालचा.

दात वरचा होता, पुढचा होता आणि अगदी धडधाकट होता. जऊळक्याहून किन्हीराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका सोयाबीनच्या वावराच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, तो पडला आणि तिथंच राहिला. शोधायला थांबावं तर कंगवा उशिरा पोचला असता. दात पाडणारी वस्तू म्हणजे एक जांभळं हेल्मेट, आणि ते ज्या हातात होतं तो हात राजपालच्या सख्ख्या साळ्याचा, फुलसिंगचा. चालत्या मोटारसायकलवर डोक्यावरचं हेल्मेट काढायचं, शेजारच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर हाणायचं, परत डोक्यावर चढवायचं आणि या सगळ्यात तोल जाऊ द्यायचा नाही, हे कंपनीच्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. फुलसिंगनं ते स्वकष्टानं मिळवलं होतं.

"काय जवाईबापू, कसं वाटून राह्यलं?"

राजपालनं तोंडातलं रक्त गिळलं आणि फुलसिंगच्या गाडीला लाथ घातली. जांभळ्या शर्टातला फुलसिंग गाडीसकट धुऱ्यावर चढला, बाभळीच्या फांदीतून आरपार गेला आणि पुन्हा रस्त्यावर आला तेव्हा त्याच्या गालावर मांजरानं खेळावं तसे ओरखडे होते.

"अबे साळ्या, कंगवाच हाय न थो! सोन्याची लगड नाई!"

"मंग दे मले!"

तांड्यावर, घरात, हे दोघं बंजाऱ्यांच्या गोरमाटीत बोलत; इथं तेही वऱ्हाडीतच उतरवलं आहे. रस्त्यावरच्या शिव्या मात्र वऱ्हाडीत असत, कारण त्या ऐकायला दोन्ही धुऱ्यांवर माणसं उभी असत, आणि प्रेक्षकांची गैरसोय होऊ नये ही जाण दोघांनाही होती.

त्या दिवशी पिवळ्या शर्टातला राजपाल आधी पोचला. त्यानं पाकीट नानाजींच्या हाती दिलं, नानाजींनी फोनवर आलेला आकडा सांगितला, आणि मग चष्मा सरकवत त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"दात कुठं गेला रे?"

"रस्त्यानं."

"बरं," नानाजी म्हणाले, आणि पाकीट न फोडता ते ओसरीवरच्या टोपल्यात टाकलं. टोपल्यात कंगवेच कंगवे होते. नानाजींच्या डोक्यावर मात्र, त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नापासून, एकही केस नव्हता.

आता हे इथवर कसं आलं ते सांगितलं पाहिजे.

वाशिम जिल्ह्याला सरकारनं 'आकांक्षित' म्हटलं आहे. सरकार जेव्हा एखाद्या जिल्ह्याला असा गोड शब्द वापरतं तेव्हा तिथं काय काय नाही हे जिल्ह्यातल्या माणसांना बरोबर कळतं. पण दूरच्या शहरात, काचेच्या इमारतीत बसलेल्या कोणा हुशार माणसानं हा शब्द वाचला आणि त्याला वाटलं, इथल्या लोकांच्या आकांक्षा फार मोठ्या असणार. त्यानं 'हाजीर' नावाच्या आपल्या कंपनीला सांगितलं, आणि हाजीरनं जऊळक्याच्या स्टेशनरस्त्यावरचं एक खताचं गोदाम घेऊन त्याला पिवळा रंग दिला. हे कळताच 'सर्रकन' नावाच्या दुसऱ्या कंपनीनं, हाजीरवाले गेलेत म्हणजे तिथं काहीतरी असलंच पाहिजे असा विचार करून, बरोबर समोरची टिनाची शेड घेतली आणि जांभळी रंगवली. दोन्हींकडे तोच साबण, तेच तेल, तीच बिस्किटं आणि तेच कंगवे. फरक रंगाचा.

मग चढाओढ लागली. हाजीर म्हणालं, अर्ध्या तासात घरपोच. सर्रकन म्हणालं, त्याहून आधी. हाजीर म्हणालं, पोचवणावळ फुकट. सर्रकन म्हणालं, आमचीही फुकट, वर एक चॉकलेट. मिनिटं कमी करत करत अशा जागी आली की त्यापुढं रस्ताच कमी करावा लागला असता, आणि तो बांधकाम खात्याचा होता. तेव्हा दोघांनी शेवटचं हत्यार काढलं: 'उशीर वाटला तर वस्तू परत करा. आम्ही कारण विचारणार नाही.'

कंपनी कारण विचारत नव्हती हे खरं. ती पोचवणाऱ्यालाही काही विचारत नव्हती. वस्तू परत आली की त्याच्या फोनमधलं त्याचं नाव हिरव्याचं पिवळं होई, पिवळ्याचं लाल होई; पुष्कळ वस्तू ठेवून घेतल्या गेल्या की रंग हळूहळू परत चढे; पण लाल असताना आणखी एक वस्तू परत आली की नाव बंद. नाव बंद म्हणजे काम बंद.

आणि काम बंद म्हणजे ऊस. तांड्यावरच्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पोळा झाला की खेमा मुकादम जीप घेऊन येतो, कोण कोण येणार ते ठरवतो, आणि दिवाळीच्या सुमाराला नवराबायको जोडीनं, दोघं मिळून मुकादमाच्या हिशेबात एक कोयता, पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. राजपाल आणि रंजीता लग्नापासून जात होते. त्यांचं पहिलं लेकरू उसाच्या फडात झालं आणि फडातच राहिलं. आता रंजीता पुन्हा पोटुशी होती. दिवस ऐन हंगामात भरणार होते. तिनं राजपालला एवढंच सांगितलं होतं, "मी हे फडात नाई काढणार. तू काय बी कर." राजपालनं काय बी केलं: जुनी मोटारसायकल घेतली, पिवळा शर्ट चढवला आणि घरीच राहायचं ठरवलं. सगळा प्रश्न त्या शर्टाचा होता.

अडचण अशी की फुलसिंगच्याही घरात हेच ठरलं होतं. त्याची बायको निताही पोटुशी होती, आणि समोरच्या शेडमध्ये शर्ट जांभळा मिळत होता.

आता नानाजी. किन्हीराजात नानाजींची जमीन किती हे नानाजींनाही फिरून आल्याशिवाय सांगता येत नसे. तरुणपणी त्यांना एकच शौक: शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. त्यांची जोडी पटावर सुटली की आसपासच्या गावांची कामं थांबत. मग न्यायालयानं पटावर बंदी आणली. बंदी वर्षानुवर्षं राहिली, बैल म्हातारे झाले, विकले गेले, आणि बंदी उठली तोवर नानाजींच्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टरला कोणी गुलाल लावत नाही. नानाजी ओसरीवर बसून राहू लागले. जेवण कमी झालं. त्यांची बायको तुळसाबाई सांगत, यायले झोपेत 'हाक, हाक' असं होते.

अशातच एका दिवशी त्यांनी चुकून एकच वस्तू दोन्ही कंपन्यांकडे मागवली. कंगवाच का, तर सगळ्यात स्वस्त तोच होता. ओसरीवरून त्यांना दिसलं की रस्त्याच्या वळणावर धूळ उठली आहे आणि धुळीतून एक पिवळी आणि एक जांभळी गाडी, चाकाला चाक लावून, एकमेकांच्या अंगावर जात, त्यांच्याच घराकडे येत आहे.

नानाजी उभे राहिले. गुडघे धरलेला माणूस, पण असा उभा राहिला की तुळसाबाई आतून धावत आल्या.

"काय झालं वो?"

"जोडी," नानाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुळसे, पट लागला."

दुसऱ्या दिवशी घरासमोर चुन्याची रेघ ओढली गेली. आठवड्याभरात झेंडीवाला आला, पंच आला, चहाची गाडी आली. पैज पैशाची नसे, त्यात पोलिसांची भानगड. पैज बोकडाची असे. जो आधी रेघ ओलांडेल त्याचा कंगवा नानाजी ठेवून घेत, त्याच्या कपाळाला गुलाल लागे. मागून येणाऱ्याचा कंगवा 'उशीर वाटला' म्हणून परत जाई. बैलांपेक्षा हे पुष्कळ सोयीचं होतं. नानाजी सगळ्यांना समजावून सांगत, "या जोडीले पेंड नाई, चारा नाई, नाल ठोकणं नाई. आपलं आपलं पेट्रोल टाकून येते."

हाजीरच्या गोदामाचा साहेब हरीओम म्हणून होता, वाशिमचाच, पण बोलायचा कंपनीसारखा. राजपालनं दात पडल्याचं सांगितलं तेव्हा त्यानं आधी शर्टाकडे पाहिलं.

"शर्ट बदल. रक्त दिसलं की ग्राहकाला नकारात्मक वाटतं."

"साहेब, थो मानूस टकला हाय. कंगवे कायले मांगवते थो?"

"राजपाल, ग्राहकाच्या डोक्यात काय आहे ते पाहणं आपलं काम नाही."

"डोक्यात नाई साहेब, डोक्यावर."

हरीओमनं संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एक रेघ होती आणि ती घराच्या छपरासारखी चढत गेली होती. काचेच्या इमारतीत किन्हीराजाचं नाव झालं होतं. एवढ्याशा गावात इतके कंगवे जातात हे पाहून तिथल्या मंडळींनी ताडलं होतं की इथला माणूस केसांच्या बाबतीत जागृत होतो आहे. लवकरच किन्हीराजाच्या फाट्यावर लांबसडक केसांच्या एका बाईचा भलामोठा फलक लागला. सर्रकननं मागे राहायचं नाही म्हणून त्याच्याच शेजारी त्याहून लांब केसांची बाई उभी केली. दोन्ही बायांच्या पायाशी शेळ्या बसू लागल्या.

दातानंतर गोष्टी वाढत गेल्या. राजपालनं फुलसिंगचा अंगठा मोडला. फुलसिंगनं राजपालच्या कानाचा चावा घेतला, तोही वळणावर, गाडी न थांबवता. दोघांच्याही बायका दवाखान्याच्या रांगेत एकमेकींशेजारी बसून रडल्या, आणि शेवटी राजपालची आई रुपाबाई दोघांना धरून पोहरादेवीला घेऊन गेली. देवीसमोर दोघांनी हात ठेवून शपथ घेतली, की आता एकमेकांवर हेल्मेट उगारणार नाही. दोघंही देवीला मानणारे. शपथ त्यांनी अक्षरशः पाळली. शपथेत गाडीच्या साखळीचा उल्लेख नव्हता.

साखळीनंतर गर्दी दुप्पट झाली. लांबलांबच्या गावांचे लोक येऊ लागले, धुऱ्यांवर खाटा टाकून बसू लागले. आणि जुन्या पटकऱ्यांनी घराच्या माळ्यावरून तुताऱ्या काढल्या. तुतारी म्हणजे बैलाला टोचायची काठी, टोकाला लोखंडी आर ठोकलेली. जोडी समोरून गेली की पाठीत टोचायचं, म्हणजे वेग वाढतो, ही जुनी सवय. राजपालला पहिल्यांदा टोचलं तेव्हा त्याला वाटलं गांधीलमाशी आहे. मागं वळून पाहिलं तर एक म्हातारा, तोंडभर हसत, "चल रे माह्या वाघा!" म्हणून ओरडत होता. म्हाताऱ्यानं वाघावर बोकड लावला होता. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवाखाली सोललेल्या खांद्याला हळद-तूप लावायचं, पळसाच्या पानानं चोळायचं, आणि बैलाच्या कानात उद्याचं जेवणाचं आमंत्रण द्यायचं, अशी रीत आहे. तांड्यावर राजपालकडे बैल नव्हता. रंजीतानं त्यालाच दारात पालथा झोपवला आणि त्याच्या पाठीवरच्या आरांच्या भोकांत हळद भरू लागली.

"हळू न व."

"बैल काही बोलत नाई," रंजीता म्हणाली. मग त्याच्या कानाशी, चावा घेतलेल्या कानाशी, वाकली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"तुले हसू सुचून राह्यलं. माहं नाव लाल झालं. उद्या एक जरी परत आलं त बंद. परवा खेमा येते."

रंजीताचा हात थांबला. तिनं त्याचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. आतून कोणीतरी लाथ मारली, चांगली जोरात. घराण्याला शोभेल अशी.

"फुलसिंगचं बी लालच हाय," ती म्हणाली. "निता सांगत होती. माहा भाऊ हाय थो, राजपाल."

"मंग काय करू? हारू?"

तिनं पुढच्या भोकात हळद भरली.

पोळ्याच्या दिवशी बैलाला काम लावत नाहीत, काठी उगारत नाहीत, टोचत नाहीत. त्यामुळे गावातल्या सगळ्या तुताऱ्या त्या दिवशी रिकाम्या होत्या आणि सगळ्याच रस्त्यावर आल्या. नानाजींनी यंदा चुन्याची रेघ ओढली नव्हती. गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, त्याच्याखाली शिंगं रंगवलेले, झूल घातलेले बैल रांगेनं उभे होते. दरवर्षी मानाची जोडी तोरण तोडते आणि मग पोळा फुटतो. मानाची जोडी नानाजींची असे. यंदा त्यांनी जाहीर केलं, "जोडी जऊळक्याहून येऊन राह्यली." आणि टोपी सारखी करून दोन्ही फोनवर एकाच वेळी दोन बोटांनी कंगवा मागवला.

राजपालनं पाकीट शर्टाच्या आत, पोटाशी खोचलं. समोरच्या शेडमधून फुलसिंग निघाला. त्यानं आपलं पाकीट हेल्मेटात घातलं आणि हेल्मेट डोक्यावर. दोघांची नजर भेटली. दोघांच्या हातात साखळी होती.

"फुलसिंग," राजपाल म्हणाला, "आज मले जाऊ दे. तुही बहीण..."

"निता ओली बाळंतीण हाय, जवाईबापू. तूच जाऊ दे."

दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे पुढं बोलण्यासारखं काही उरलं नाही.

पहिली साखळी राजपालच्या दंडावर बसली आणि दंड जिथल्या तिथं बधिर झाला. त्याची साखळी फुलसिंगच्या आरशावर बसली, मग मनगटावर. चिखलातून चाकं घसरत होती. धुऱ्यावरून आर येत होते: पाठीत, मांडीत, एक थेट काखेत. "हाक! हाक! हाक!" सगळा रस्ता ओरडत होता. कोणीतरी हलगी वाजवत होतं. फुलसिंगच्या कपाळाला, हेल्मेटच्या कडेखाली, आर लागला आणि रक्त डोळ्यांत उतरलं; तो एका डोळ्यानं गाडी चालवत राहिला आणि दुसऱ्या हातानं राजपालची कॉलर धरून ओढत राहिला.

नाल्यावरच्या पुलाला कठडा नाही. तो बांधायचा आहे, असं पुलाशेजारच्या पाटीवर लिहिलं आहे. तिथं दोन्ही गाड्या एकमेकींत अडकल्या. फुलसिंग राजपालच्या अंगावर आला, त्याच्या छातीवर बसला, आणि त्याचं कपाळ गळत होतं ते राजपालच्या पोटावर, शर्टाच्या आत, सगळीकडे गळलं. राजपालनं हाताला लागेल तो दगड घेतला. तो त्यानं फुलसिंगच्या गुडघ्याखाली मारला. एकदा मारला तेव्हा फुलसिंग ओरडला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा हाडाचा आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा, आणि धुऱ्यावरचा गलका एकदम थांबला. पटात असं होत नाही. पटात बैलाचा पाय मोडला की लोक हळहळतात.

"जवाईबापू," फुलसिंग म्हणाला. आवाज लहान झाला होता. "पाय गेला माहा."

राजपालनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं गाडी उचलली. ते त्यानं का केलं हे त्याला पुढं कितीतरी दिवस नीट सांगता आलं नाही. एवढंच, की गाडी सुरू झाली होती आणि पोटाशी पाकीट होतं.

त्यानं तोरण छातीनं तोडलं. बैल बिचकले, ढोल वाजले, गुलाल उडाला. तो नानाजींसमोर उभा राहिला, शर्टात हात घालून पाकीट काढलं आणि पुढं धरलं.

नानाजींनी हात पुढं केला आणि मागं घेतला. पाकीट लालभडक होतं, ठिबकत होतं.

"हे काय?"

"कंगवा."

"रगत हाय याले."

"नानाजी, रस्त्यानं..."

"अरे, आज पोळा हाय!" नानाजी दुखावले गेले होते, मनापासून. "सणाच्या दिवशी रगताची वस्तू मी घरात घेऊ? बैल उभे हायेत इथं. काही इचार? काही संस्कार?"

जमलेल्या माणसांनी माना हलवल्या. ज्यांच्या हातांतल्या आरांना रक्त होतं त्यांनीही हलवल्या. तेवढ्यात पोळ्याला येणारा एक ट्रॅक्टर वेशीत शिरला. ट्रॉलीत फुलसिंग पडला होता, त्याचा पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळला होता. लोकांनी त्याचं हेल्मेट काढलं. आत पाकीट होतं. कोरडं, स्वच्छ, चॉकलेटसकट.

नानाजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं. फुलसिंगच्या फुटलेल्या कपाळाला गुलाल लावला. तो रक्तात मिसळून दिसेनासा झाला, तेव्हा पुन्हा लावला. मग चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांजवळ नेऊन, राजपालच्या कंगव्यासमोर बोट टेकवलं: 'उशीर वाटला.'

राजपालच्या खिशात फोन थरथरला. त्यानं काढून पाहिला. त्याचं नाव लाल नव्हतं, पिवळं नव्हतं. नाव नव्हतंच. तिथं लिहिलं होतं, 'हाजीर परिवाराचा भाग असल्याबद्दल आभार.'

राजपालनं फोन खिशात ठेवला. रक्ताळलेलं पाकीट दातांनी फाडलं. जिथं दात नव्हता तिथं ते अडकलं, म्हणून पुन्हा फाडलं. कंगवा काढला. हिरवा, पातळ, कडक प्लॅस्टिकचा. मग त्यानं डाव्या हातानं नानाजींची मान धरली, त्यांना तोरणाच्या खांबाशी बसवलं, छातीवर गुडघा दिला आणि त्यांची टोपी काढून शेजारच्या बैलाच्या शिंगावर अडकवली.

"राजपाल! अबे, काय करतं?"

"विंचरून देतो न, नानाजी. इतके मांगवले, एक त वापरा."

आणि त्यानं नानाजींचं डोकं विंचरलं. कपाळापासून मानेपर्यंत, सावकाश, सगळा जोर लावून. पहिल्या ओढीला पांढऱ्या रेघा उठल्या. दुसऱ्या ओढीला त्या लाल झाल्या. तिसऱ्याला भांग पडला, अगदी सरळ, मधोमध, लग्नातल्या नवरदेवाला पाडतात तसा, आणि भांगातून रक्त कानांवरून खाली उतरलं. नानाजी ओरडत होते तो आवाज पटावर जोडी सुटताना ओरडत त्याच्यासारखाच होता, त्यामुळे मागं उभ्या असलेल्यांना क्षणभर काही वेगळं चाललंय असं वाटलं नाही. कंगव्याचे दात एकेक करून मोडत गेले. शेवटचा मोडला तेव्हा लोकांनी राजपालला ओढून काढलं आणि तुताऱ्यांच्या दुसऱ्या टोकांनी बेशुद्ध पडेपर्यंत मारलं. आर असलेलं टोक कोणी वापरलं नाही. सण होता.

पोलिसांत कोणी गेलं नाही. नानाजींना फार वाटत होतं, पण ठाणेदारानं 'तुम्ही कंगवे कशाला मागवत होता?' असं विचारलं तर काय सांगायचं, हे घरात कोणालाच सुचेना. शिवाय टोपल्यातले कंगवे मोजून पुराव्यात मांडावे लागले असते.

खेमा मुकादमाची जीप ठरल्या दिवशी तांड्यावर आली. फुलसिंग दारात खाटेवर पडला होता, पाय मांडीपर्यंत पांढऱ्या प्लास्टरात. राजपाल, एक डोळा बंद आणि बरगड्यांना पट्टा, समोरच्या दारात बसला होता. मध्ये रस्ता. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते.

"राजपाल, तुही जोडी लिहू न?" खेमानं विचारलं.

राजपाल मान हलवणार तोच रंजीता घरातून बाहेर आली. तिच्या हातात कोयता होता, गेल्या हंगामाचा, पण धार ताजी दिसत होती. पोट सांभाळत ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"खेमाभाऊ, तुमी जा."

"अवो, पण याचं काम गेलं न?"

"जा म्हनलं न." तिनं कोयता उचलला, आणि खेमाला जीप सुरू करायला किल्ली फिरवावी लागते हे आठवलं.

मग ती भावाच्या खाटेशी गेली. "फुल्या, तुहं नाव हाय. पाय नाई." मग नवऱ्याकडे वळली. "आन् तुहा पाय हाय. नाव नाई. दोघायचं मिळून एक मानूस होते. इतकं साधं तुमाले समजून नाई राह्यलं?"

"त्यानं माहा पाय तोडला, ताई!"

"तू त्याचा कान खाल्ला."

"त्याची गाडी मी नाई चालवत," राजपाल पुटपुटला. "जांभळा शर्ट मी अंगाले लावणार नाई."

रंजीतानं कोयता खाटेच्या लाकडी पायात मारला. तो इतका खोल रुतला की पुढं दोन माणसांनी मिळून काढला. "मंग आता दुसरा पाय मी तोडीन," ती म्हणाली, आणि कोणाचा ते सांगितलं नाही.

तेव्हापासून राजपाल जांभळा शर्ट घालतो आणि फुलसिंगच्या नावावर गाडी चालवतो. पहिलीच मागणी किन्हीराजाची आली. एक लोकरीची टोपी, कान झाकणारी. नानाजींनी ती दाराच्या फटीतून घेतली आणि आकडा तुळसाबाईंकडून सांगवला. उशीर वाटला नाही.

एकच कटकट आहे. सर्रकनचा फोन रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पोचवणाऱ्याचा चेहरा मागतो. चेहरा जुळला तरच दिवस उघडतो. म्हणून राजपाल रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी रस्ता ओलांडतो, खाटेशी उभा राहतो आणि साळ्याच्या तोंडासमोर फोन धरतो. सुरुवातीला फुलसिंग थुंकायचा. आता थुंकत नाही, फक्त भिंतीकडे तोंड करतो. मग राजपाल त्याची हनुवटी धरून तोंड वळवतो, आणि दोन घरांत दोन लेकरं रडत असतात, एक निताचं, एक रंजीताचं, या तांड्यावर, उसात नव्हे.

फोनवर हिरवं वर्तुळ येतं. खाली अक्षरं उमटतात: 'कृपया हसा.'

"हास बे," राजपाल म्हणतो.

फुलसिंग दात दाखवतो. त्याचे सगळे शाबूत आहेत. राजपाल ते रोज जवळून पाहतो.